रामलिंगअप्पांची आंघोळ

"उंदीर न्हाई हा," एस्तेरबाई पदराने नाक दाबून म्हणाली. "उंदीर मेल्यावर आसा गोड वास न्हाई येत."

समोरच्या घरातली तारामती काठीने नाली ढवळून बघत होती. सकाळपासून दोघींनी गल्ली पालथी घातली होती. मोरीचं तोंड, पत्र्यावरची अडगळ, सरपणाचा ढीग, सगळं हलवून झालं. मेलेलं काही सापडत नव्हतं आणि ऊन चढेल तसा वासही चढत होता. एस्तेरबाईने चहा केला होता आणि तोंडाला न लावता मोरीत ओतून दिला होता. रविवार होता, ती उपासनेला जायची तयारी करून बसली होती. आता पांढऱ्या साडीच्या निऱ्या एका हाताने वर धरून ती नालीच्या कडेकडेने चालत होती.

"मग काय मेलं आसंल गं?" तारामती म्हणाली.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि दोघींनी एकदमच वळून भिंतीकडे पाहिलं.

भिंत रामलिंगअप्पांची होती. निलंग्याच्या टोकाची ही वस्ती नवी होती तेव्हा एस्तेरबाई आणि तिचा नवरा शलमोन इथे राहायला आले. शलमोन एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. शेजारी अप्पांचं दुमजली घर. गावाकडे मोठी शेती, उसाचे फड, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंडकातलं लिंग. शेजारी किरिस्ताव आलेत असं कळल्यावर अप्पांनी आधी गवंडी बोलावून भिंत उंच करून घेतली. एस्तेरबाईच्या मोरीचं पाणी त्यांच्या फाटकापुढून वाहायचं, त्यावर ते रोज सकाळी गोमूत्र शिंपडायचे.

पहिल्या नाताळाला तिने ताटलीभर करंज्या आणि शंकरपाळे नेऊन दिले. अप्पांनी हसून घेतले. "कशाला तरास घेतला," असंही म्हणाले. ती घरात येऊन खिडकीतून बघते तर ताटली फाटकाशी बसलेल्या खरजुल्या कुत्र्यापुढे. कुत्र्याने चाटून लख्ख केलेली ती ताटली संध्याकाळी भिंतीवर आणून ठेवलेली होती. एस्तेरबाईने ती सांडशीत धरून उकिरड्यावर नेऊन टाकली. पुढे शलमोन वारला, त्याची पेटी गल्लीतून निघाली, तेव्हा अप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पेटी समोर आली तसे त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. पेटी पुढे गेल्यावर खाली सोडले.

खरं तर किळसेच्या बाबतीत एस्तेरबाई काही कमी नव्हती. तिचं नाक फार तिखट. भातात केस निघाला तर ती पातेलंच पालथं करी. दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायच्या आधी पेला उजेडात धरून बघे. मुलींच्या वसतिगृहात ती पोळ्या करायला जायची, तिथे कणीक मळायच्या आधी तिचं हात धुणं बघून मुली तोंड दाबून हसायच्या. तारामती तर तिला तोंडावर म्हणायची, "तू किरिस्ताव कशी गं? तुझं सोवळं आमच्या देवळातल्या गुरवापेक्षा कडक."

अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मृत्युंजय पुण्याला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, एक बाजू गेली, तेव्हापासून त्यांच्याजवळ बसवंत नावाचा गडी असायचा.

"बसवंत दिसला का गं तुला एवढ्यात?" एस्तेरबाईने विचारलं.

तारामतीला आठवेना.

फाटक उघडंच होतं. दोघी खिडकीशी गेल्या. अप्पा पलंगावर उताणे पडले होते. धोतर कशाने भिजून कशाने वाळलं होतं ते बघवत नव्हतं. उजवा पाय उशीवर होता. घोट्याखाली तो काळा पडून फुगला होता आणि त्यावर माशांचं पटकूर पसरलेलं होतं. तारामतीच्या हातातली काठी खिडकीच्या गजावर आपटली तशा माशा उठल्या, आणि त्यांच्याखालची जागा हलताना दिसली. पांढरी, वळवळती.

अप्पांचे डोळे उघडे होते. ते खिडकीकडेच बघत होते.

"माय माय माय," म्हणत तारामती पळाली. एस्तेरबाई कशीबशी स्वतःच्या मोरीपर्यंत पोचली आणि तिथे बसून पोट रिकामं होईपर्यंत ओकली. तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा तारामतीच्या घराचं दार बंद झालेलं होतं आणि आतून उदाचा धूर येत होता.

मृत्युंजयचा नंबर तिने किराणा दुकानदाराकडून मिळवला.

"बसवंत निघून गेला?" तो म्हणाला. "मला बोलला नाही. फोनही उचलत नाहीये तो. मावशी, मी आत्ताच निघतो, पण यायला संध्याकाळ होईल. मी गाडी पाठवतो, लातूरला न्यायला सांगतो. तोवर तुम्ही जरा बघाल का? तुम्ही शेजारी आहात म्हणून…"

शेजारी हा शब्द त्या घरातल्या माणसाच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकला.

गाडी लवकर आली. ड्रायव्हर आत गेला आणि गेला तसा बाहेर आला. झाडाखाली उभा राहून त्याने तोंडावर पाणी मारलं.

"बाई, आसं न्हाई नेता येत. गाडीत बसायला पायजे ना माणसानं. आंघोळ घालून द्या, मग नेतो. थांबतो मी."

"कोण घालील आंघोळ?"

"ते तुमी बघा."

अप्पांचे भाऊबंदही आले होते. तिघे-चौघे, मोटरसायकलींवर. एरवी अप्पांच्या ओट्यावर बसून गावच्या राजकारणावर तास न् तास बोलणारी माणसं. आता फाटकाच्या आत कुणी पाऊल टाकेना.

"काय हाल झाले बघा अप्पाचे."

"पोरगं तिकडं मजा करून राहिलंय."

"आपल्यातलं कुणीतरी आत जायाला पायजे."

"बराबर हाय. जायालाच पायजे."

कुणी हललं नाही. एकाने नालीत गुटख्याची लाल पिचकारी टाकली, ओठ पुसले आणि तो एस्तेरबाईकडे वळला. "मावशी, तुमच्या धर्मात तर सेवाच सांगितलीय म्हणं. तुमाला कशाचं काय."

त्याच्या दातांच्या फटीत सुपारीचे तुकडे अडकले होते. एस्तेरबाईला पुन्हा मळमळलं. आतला माणूस सडत होता, त्यात त्याचा काही इलाज नव्हता. हे बाहेरचे धडधाकट होते.

तिने पास्टर प्रभुदासना फोन लावला. उदगीरकडचा तरुण माणूस, निलंग्याच्या चर्चच्या मंडळीत येऊन त्याला फार काळ झाला नव्हता.

"पास्टरसाहेब, मी आज येत न्हाई," तिने कारण सांगितलं.

"देवाची स्तुती असो, मावशी. उपासना झाली की आम्ही सगळे येतो. अप्पांसाठी प्रार्थना करू."

"प्रार्थना नको. फिनेल घेऊन या. आन् खराटा."

घरी जाऊन तिने पांढरी साडी सोडली आणि फाटायला आलेलं लुगडं नेसली. नाकावर कापूर घालून फडकं बांधलं. हातांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या. दोन बादल्या, साबण, कात्री, जुन्या साड्यांचे तुकडे. मोटरसायकलवाल्यांनी बाजूला सरून तिला वाट दिली. एवढी अदब त्यांनी आधी कधी दाखवली नव्हती.

आत पाऊल टाकलं आणि तो वास नाकातून न येता डोळ्यांतून, कातडीतून आत शिरला. ती पलंगाजवळ गेली तसे अप्पा घशातून काहीतरी बोलले. अर्ध्या तोंडाने बोलत होते, तरी शब्द नीट कळला.

"मुट्टबेड."

निलंग्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कानडी तिला येत होतं. शिवू नकोस. अंगातलं बाकी सगळं बिघडत चाललं होतं, पण हा शब्द धड उरला होता.

एस्तेरबाईला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की हातातली बादली त्यांच्या अंगावर रिकामी करून निघून जावं.

"मलाबी हौस न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "बसवंत पळून गेला. तुमचे भाऊबंद फाटकात उभे हायत. हाक मारू का? येतील का बघा."

बाहेरून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. अप्पांनी खिडकीकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

तिने कात्रीने धोतर कापलं. ते कातडीला चिकटलं होतं. पाणी टाकत टाकत सोडवावं लागलं. कुशीवर वळवलं तर पाठीला मूठभर जखम, तिच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. मांड्यांवर वाळलेली घाण. ती पुसताना प्लॅस्टिकची पिशवी फाटली आणि ओलं, कोमट काहीतरी तिच्या नखांत गेलं. मग पायावर पाणी सोडलं, आणि ते पांढरं वळवळतं सगळं पाण्याबरोबर तिच्या पावलांवर आलं.

ती मागच्या दाराने धावत बाहेर गेली. पोटात काही नव्हतं, तरी ओकारी थांबेना. हौदाच्या कट्ट्याला टेकून ती खाली बसली. बस झालं, तिने ठरवलं. इथून मागच्या मागे घरी जायचं, अंग घासून काढायचं. अर्धं तरी केलं. कुणी एवढंही केलं नसतं.

आणि तिथे बसल्या बसल्या तिला लीडियाबाई आठवल्या. आयुष्यभर त्यांना आठवायचं तिने टाळलं होतं.

एस्तेरबाई मूळची धर्माबादची. बाप मिरचीच्या आडतीवर हमाल. आई गेली तेव्हा बापाने तिला किनवटला मिशनच्या वसतिगृहात आणून सोडलं. डोक्यात उवा, कानामागे पिकलेले फोड, बोटांच्या बेचक्यांत खरूज. रेल्वेच्या डब्यात तिच्याजवळ कुणी बसलं नव्हतं. वसतिगृहाच्या मेट्रन लीडियाबाईंनी तिला विहिरीपाशी बसवून लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने धुतलं. फोडांना केस चिकटले होते, ते सोडवताना पू आला. "आलेच हं बाळा," म्हणून बाई भिंतीमागे गेल्या. पोरीने वाकून पाहिलं. बाई दोन्ही हातांनी भिंत धरून ओकत होत्या.

हे आपल्यामुळे, हे त्या एवढ्याशा पोरीला कळलं. तशी लाज तिला पुन्हा कधी वाटली नाही. उठून कुंपणापलीकडे पळून जावं असं वाटलं. पण बाई तोंड धुऊन परत आल्या, खाली बसल्या आणि उरलेलं डोकं धुऊ लागल्या. मग तेल लावून दोन वेण्या घातल्या.

त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी लीडियाबाईंनी मुलींना सांगितलं की देवाने आपल्यावर आधी प्रीती केली म्हणून आपण दुसऱ्यावर करायची. "आपण धुऊनपुसून बसलो होतो म्हणून न्हाई केली. तसेच असताना केली."

"देवाला वास येत न्हाई का?" नव्या पोरीने विचारलं. सगळ्या मुली हसल्या.

बाई हसल्या नाहीत. "येत असंल," त्या म्हणाल्या. "गोठ्यात जन्मला तो, शेणामुतात. आल्याबिगर कसा राहील?"

एस्तेरबाई हौदापाशी बराच वेळ बसून राहिली. प्रेम वगैरे काही तिच्या मनात आलं नाही. भिंतीमागून परत येणाऱ्या त्या बाईचा चेहरा मात्र डोळ्यांसमोरून हलेना, आणि आता इथे बसून राहणं तिला आतल्या खोलीपेक्षा घाण वाटू लागलं. तिने चूळ भरली. हातांवरच्या फाटक्या पिशव्या काढून फेकल्या आणि ती उघड्या हातांनी आत गेली.

छाती धुवायची वेळ आली तेव्हा ती थांबली. चांदीचा करंडक छातीवर होता, दोऱ्यासकट मळलेला.

"अप्पा, तुमचं लिंग तुमी धरा," ती म्हणाली. "मी हात न्हाई लावत त्याला."

अप्पांनी डोळे उघडले. चांगला हात हळूहळू वर आला आणि त्यांनी करंडक मुठीत धरून वर उचलला. तिने त्याच्याखालची छाती साबणाने धुतली, पाणी घातलं, पुसली. तोवर ती मूठ हवेत तशीच होती. हात दुखत असणार, पण त्यांनी तो खाली आणला नाही.

"नीरू," शेवटी ते म्हणाले.

तिने पेल्यातून पाणी पाजलं. ते अधाशासारखे प्यायले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी ओठ दंडाला घासून पुसले, जोरात, पुन्हा पुन्हा.

एस्तेरबाईने ते पाहिलं.

अप्पांना स्वच्छ चादरीत गुंडाळल्यावर भाऊबंद एकदम पुढे आले. "चला, उचला, उचला, हळू!" सगळे हुकूम देऊ लागले. गाडीत ठेवताना एकाने मोबाइलवर फोटोही काढला.

दुपारी पास्टर प्रभुदास खरोखरच फिनेल घेऊन आला. मंडळीतल्या बाकीच्यांनी फाटकातून प्रार्थना केली आणि जेवायची वेळ झाली म्हणून ते परतले. पास्टरने मात्र पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खराटा हातात घेतला. दोघांनी मिळून फरशी घासली. गादी मागच्या मोकळ्या जागेत नेऊन पेटवली.

"मावशी, पुढच्या रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष द्या," तो म्हणाला. "शेजाऱ्यावर प्रीती कशी करायची, लोकांना कळू द्या."

"मला किळस येते त्या माणसाची," एस्तेरबाई म्हणाली. "आत्ताबी येते. हात तोडून टाकावेत वाटालंय. ही साक्ष देऊ का?"

पास्टर फरशी घासत राहिला. जरा वेळाने म्हणाला, "तरी केलंत ना तुम्ही."

"मग ती प्रीती झाली का?"

"मला नाही माहीत, मावशी," तो म्हणाला. त्याचं ते उत्तर तिला त्या दिवसातलं सगळ्यात स्वच्छ वाटलं.

लातूरला अप्पांचा पाय गुडघ्यापासून कापला. काही आठवड्यांनी मृत्युंजय त्यांना घरी घेऊन आला. पुण्याला का नेलं नाही, ते त्याने तारामतीला सांगितलं, तारामतीने एस्तेरबाईला: फ्लॅट लहान आहे, बायकोला वास सहन होत नाही. तो होता तेवढे दिवस रुमालावर अत्तर टाकून दारातूनच वडिलांशी बोलायचा. सेवेला एक माणूस ठेवून तो गेला. त्या माणसाला अप्पांनी काठी फेकून मारली. दुसरा आला, तो स्वयंपाक करायचा, औषधं द्यायचा, पण घाणीला हात लावायचा नाही. "मी आचारी हाय," म्हणायचा.

मग रोज सकाळी वसतिगृहात जायच्या आधी एस्तेरबाई फाटक उघडून आत जाऊ लागली. कुणी सांगितलं नव्हतं. मृत्युंजयने फोनवर पगाराचं काढलं तेव्हा ती म्हणाली, "नको. पगार घेतला की यावंच लागंल. मला कधीबी सोडून देता आलं पायजे."

आणि रोज सकाळी तिला सोडून द्यावंसं वाटे. किळस कमी होईल, सवय होईल, असं सगळे म्हणत होते. ती झाली नाही. रोज फाटकाशी तिच्या तोंडाला पाणी सुटे, ओकारीच्या आधी सुटतं तसं. घरी आल्यावर ती लिंबाच्या फोडीने नखं घासे, तरी कणीक मळताना हात नाकाशी नेऊन बघे. तिने भात खाणं सोडलं. शितं बघवत नव्हती.

नांदेडला दिलेली तिची मुलगी करुणा फोनवर चिडायची. "आई, तुला काय गरज पडलीय? बाबांच्या पेटीला त्यानं पाय वर घेतले होते, विसरलीस का?"

"विसरीन कशी? आता एकच घेता येतो त्याला," एस्तेरबाई म्हणाली आणि आपल्याच बोलण्याची तिला शिसारी आली. दुसऱ्या दिवशी तिने अप्पांची दाढी करून दिली. कशाची तरी भरपाई करावी तशी.

अप्पा बदलले नाहीत. आचाऱ्याच्या हातचं पाणी ते पेल्याने पीत आणि ती देई तेव्हा चांगल्या हाताची ओंजळ पुढे करत, वरून ओत म्हणून. अर्धं पाणी अंथरुणात सांडे. ते पुसायचं कामही तिचंच. तिने कधी हट्टाने पेला पुढे केला नाही. वरून ओतत राहिली. हळूहळू त्यांची वाचा थोडी सुधारली होती. एका सकाळी ती त्यांच्याखालचं कापड काढत असताना तिचं तोंड दुसरीकडे फिरलेलं बघून ते म्हणाले, "घाण वाटते ना तुला माजी?"

"वाटते."

"मग?"

"मग काय?"

"मलाबी तुजी वाटते," ते म्हणाले. "लहानपणापासून. जात न्हाई मनातनं. लई केलं तुवा, तरी न्हाई जात."

एस्तेरबाईने कापड बादलीत टाकलं. हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत त्या माणसाने तिला सांगितलेली ही पहिलीच खरी गोष्ट होती.

"वळा," ती म्हणाली. "ह्या कुशीवर."

अप्पा वळले. ती पाठ पुसत होती तेव्हा त्यांचे खांदे हलू लागले. तिला वाटलं, रडतायत. मग कळलं, ते हसत होते. वाकड्या तोंडाचं, घरघरणारं हसू. तिलाही हसू आलं, आणि तोंड उघडलं तसा वास आत गेला, म्हणून तिने लगेच मिटलं.

दिवाळी झाल्यावर थंडी पडली आणि एका पहाटे अप्पा झोपेतच गेले. आचाऱ्याने फोन फिरवले. मृत्युंजय दुपारच्या आत आला. भाऊबंदांच्या मोटरसायकलींनी गल्ली भरून गेली. स्वामी आले. अप्पांना बसवून, सजवून, वाजतगाजत गावाकडच्या शेतात पुरायला न्यायचं होतं.

एस्तेरबाई फाटकाशी गेली तेव्हा पांढऱ्या टोपीतला एकजण आडवा आला. बोलणं मऊच होतं. "मावशी, आता आतमधी विधी हायत. आमच्यातलेच लोक लागतेत. तुमी इथूनच दर्शन घ्या."

"हाव," ती म्हणाली.

मृत्युंजयने तिला ओट्यावरून पाहिलं. हात जोडले आणि तो आत गेला. तारामती आत बायकांमध्ये बसली होती, तिच्या रडण्याचा आवाज सगळ्यांच्या वर येत होता.

एस्तेरबाई आपल्या अंगणात आली. तिला सुटल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोला. उद्या सकाळी फाटक उघडायचं नाही. नखं घासायची नाहीत. वसतिगृहात जायला उशीर झाला होता, तरी ती भिंतीशी उभी राहिली. पलीकडे मोरीत पाट मांडल्याचा आवाज आला. भाऊबंद अप्पांना शेवटची आंघोळ घालत होते. आज सगळ्यांचे हात पुढे होते. "मी घालतो, मी घालतो," चाललं होतं. हौदातून बादली भरून कुणीतरी ती फरशीवर ठेवली, तिच्या कडीचा आवाज झाला, आणि पाणी एकदम वरून ओतल्याचा आवाज आला. थंडीच्या दिवसांत रात्रभर उघड्या हौदात राहिलेलं पाणी.

"आरं, कोमट करून घ्या की जरासं!" एस्तेरबाई भिंतीवरून ओरडली. "गार पाण्यानं कळ निघते त्यांच्या पायाला!"

पलीकडे सगळं थांबलं.

"काय म्हणालात, मावशी?" कुणीतरी विचारलं.

एस्तेरबाईने भिंतीवर ठेवलेला हात खाली घेतला.

"काई न्हाई," ती म्हणाली. "चालू द्या."

मग पुन्हा पाण्याचा आवाज सुरू झाला.